आभाळ "येतं" म्हणजे नक्की काय येतं?

शब्दवेडी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय छोटाच आहे पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

माझी लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम. समानार्थी शब्दांची चाचणी होती, त्यात "आभाळ" होतं आणि तिनं समोर लिहिलं "ढग". वहीत लाल फुली, बाजूला "आकाश". घरी आली ती रडतच, आणि रडणं मार्क गेल्याचं नव्हतं, "आजी चुकीचं बोलते का?" हे होतं. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. निफाडजवळच्या गावात असतात, द्राक्षाची बाग आहे, आणि ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे थेट माल निघेपर्यंत रोज संध्याकाळच्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आज आभाळ आलंय गं" नाहीतर "आभाळ नाही, बरंय". लेकीनं हे दोन-तीन वर्षं ऐकलंय. तिचा हिशोब सरळ आहे की आकाश कुठून येत नाही, कुठे जात नाही, मग जे येतं आणि जातं ते ढगच असणार.

मी पुण्यात वाढले, माझ्या तोंडी आभाळ म्हणजे आकाशच, जरा घरगुती, जरा कवितेतलं. पण लग्नानंतर बारा वर्षं सासूबाईंचं ऐकतेय आणि मला कधी प्रश्न पडला नाही की आम्ही दोघी एकच शब्द वेगळ्या अर्थानं वापरतोय! तर तुमच्याकडे आभाळ म्हणजे काय? गाव किंवा भाग सांगून लिहा प्लीज.

बांधावरून
लातूर जिल्हा. आमच्याकडं आभाळ म्हणजे ढगच, शंभर टक्के. "आभाळ आलंय, वाळवण उचला." "सकाळधरनं आभाळ हाय." निळं मोकळं असलं तर आभाळ नाही म्हणतो, "उघाड पडली" म्हणतो. एकेक वेगळा दिसतो त्याला ढग म्हणतेत, पण सगळीकडून दाटून आलं की ते आभाळ. ढग मोजता येतेत, आभाळ मोजता येत नाही. तुमच्या लेकीनं बरोबरच लिहिलंय.

सांजपाखरू
हे "मोजता येत नाही" फारच आवडलं. खरंच, दोन ढग म्हणतो, दोन आभाळं नाही म्हणत. म्हणजे ढग आणि आभाळ हे सुद्धा अगदी एक नाहीत. आभाळ म्हणजे ढगांनी भरलेलं वर, असं काहीतरी. पाणी जसं "आलं" म्हणतो, "दोन पाण्या आल्या" नाही म्हणत, तसं.

मी ठाण्याची. आमच्याकडे दोन्ही चालतं. "आभाळात विमान" पण म्हणतो आणि "आभाळ आलंय, छत्री घे" पण म्हणतो, आणि आजपर्यंत कधी गोंधळ झालेला नाही.

पोथीवाचक
शब्दाचं मूळ बघितलं तर लेकीच्या बाजूनं पारडं जड आहे. आभाळ हा शब्द संस्कृत "अभ्र" वरून आलाय, मध्ये प्राकृतात "अब्भ", आणि अभ्र म्हणजे ढग. "निरभ्र आकाश" म्हणतो तेव्हा काय म्हणतो? ढग नसलेलं आकाश. अभ्रचा अर्थ आकाश असता तर निरभ्र आकाश म्हणजे आकाश नसलेलं आकाश झालं असतं. फारसीत पण "अब्र" म्हणजे ढग, उर्दू गझला ऐकणाऱ्यांना माहीत असेल, तो आपल्या अभ्रचा सख्खा भाऊ आहे. त्यामुळे ढग हा मूळ अर्थ आणि आकाश हा नंतर चिकटलेला अर्थ असं माझं स्पष्ट मत आहे.

मैत्रेयी_क
पोथीवाचक, निरभ्रचं उदाहरण सुंदर आहे पण "नंतर चिकटलेला" एवढं सोपं नाही हो. अमरकोश काढा. पहिल्या कांडात व्योमवर्ग आहे, आकाशाच्या नावांचा, तिथे सुरुवातीलाच "द्योदिवौ द्वे स्त्रियामभ्रं व्योम पुष्करमम्बरम्". म्हणजे द्यौ आणि दिव् झाले की लगेच अभ्र, आकाशाचं नाव म्हणून. आणि पुढे दिग्वर्गात ढगांची नावं येतात तिथे पहिलाच शब्द कुठला? "अभ्रं मेघो वारिवाहः". एकच शब्द, एकच कोश, दोन्ही याद्यांमध्ये. अमरकोश दीड हजार वर्षांच्या आसपासचा जुना धरतात, म्हणजे मराठी भाषा नीट उभी राहायच्या आधीपासून हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतोय. शब्दवेडी आणि त्यांच्या सासूबाई दोघीही अमरकोशाला धरून बोलतायत.

पोथीवाचक
मान्य. व्योमवर्गातली ओळ पाठ होती तरी त्यातलं "अभ्रं" कधी थांबून पाहिलं नव्हतं, नुसतं म्हणून पुढे जायचो. "मूळ ढग" यावर मी अजून आहे, वेदांत अभ्र येतं ते मेघ या अर्थानं, पण "नंतर चिकटलेला" हे मागे घेतो. आणि आता आठवतंय ते "नभ" चं. नभस् चं पण अगदी हेच आहे, मूळ अर्थ धुकं, वाफ, ढग असा आणि नंतर आकाश. वैदिक महिन्यांच्या नावांत श्रावण म्हणजे नभस् आणि भाद्रपद म्हणजे नभस्य, ऐन पावसाचे महिने. ग्रीकमध्ये याच घराण्यातला "नेफोस" म्हणजे ढग, जर्मनमध्ये "नेबेल" म्हणजे धुकं, आणि रशियनमध्ये "न्येबो" म्हणजे आकाश. एकच बी, कुठे ढग उगवला, कुठे आकाश.

फ्योर्डकाठची
हे वाचून लॉगिन केल्याशिवाय राहवलं नाही. मी नॉर्वेत असते, नऊ वर्षं झाली. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात नॉर्वेजियन क्लासमध्ये "शी" सारखा उच्चार ऐकायला आला, स्पेलिंग अगदी इंग्रजी "स्काय" चं, आणि अर्थ सांगितला ढग! मला वाटलं बाई चुकून बोलल्या. तर नाही, इथे तो शब्द ढगासाठीच आहे आणि आकाशाला "हिम्मेल" म्हणतात. मग कळलं की इंग्रजांनीच हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून उचलला, तेव्हा त्यांच्याकडेही अर्थ ढग असाच होता आणि हळूहळू सरकत तो आकाश झाला. म्हणजे जगभर शाळेत मुलं "स्काय म्हणजे आकाश" शिकतात तो शब्द मुळात ढग आहे, आणि आमच्या इथल्या शेजारच्या आजी अजून त्याच जुन्या अर्थानं वापरतात. अगदी तुमच्या सासूबाईंसारखं.

आणि कारण पण कळतं हो इथे राहिल्यावर. ऑक्टोबर ते मार्च वर बघितलं की ढगच दिसतो, सहा-सहा दिवस एक निळा तुकडा नाही. मग ढग आणि आकाश यात फरक करायचा कशाला, जे डोक्यावर आहे ते हेच. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने असंच असतं की.

शब्दवेडी
अरे देवा, केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी एका रात्रीत. लेकीला सकाळी उठल्या उठल्या नॉर्वेचं सांगितलं, तिनं विचारलं "तिथल्या आजींकडे पण द्राक्षं आहेत का". :)

अजून कोकण, विदर्भ, खानदेश यायचे आहेत. या ना.

पणजीकार
गोवा. इथे गंमत उलटी आहे. मराठीत "मळभ" म्हणजे ढगांनी झाकोळलेलं, उदास असं वातावरण, बरोबर? कोंकणीत "मळब" म्हणजे चक्क आकाश. मळब निळं असतं, मळबांत चांदणं असतं. आणि ढगांना आम्ही "कुपां" म्हणतो. त्यामुळे मराठी पेपरात "मनावर मळभ दाटलं" वाचलं की लहानपणी मला कळायचंच नाही की मनावर आकाश दाटलं तर वाईट काय वाटायचं त्यात, चांगलंच की.

कुडाळी_मेवा
आमच्याकडे मधलंच. आजी सकाळी खळ्यात उभी राहून "मळब आसा" म्हणायची तेव्हा ते मराठीतलं मळभ, कोंकणीतलं नव्हे. आणि जानेवारीत हे म्हणाली की घरातले सगळे गप्प व्हायचे कारण आंब्याला मोहोर आलेला असायचा. मळब राहिलं दोन-तीन दिवस की तुडतुडे वाढतात, भुरी येते, मोहोर काळा पडून गळतो. एका शब्दावर अख्ख्या वर्षाचे पैसे. लहान होतो तेव्हा नुसता घरातला मूड कळायचा, कारण कळायचं नाही.

वऱ्हाडी_पाखरू
अकोला. आमच्या इकडे खेड्यावर ळ चा य होते, म्हणून आभाय. "आभाय आलं बाप्पा" म्हणजे ढग, दुसरं काही नाही. तूर फुलावर असताना आभाय आलं तर फूल गयते, आणि हरभऱ्यावर घाटेअळी येते. माझे वडील म्हणायचे की पाऊस आला तर निदान समजते किती आला, आभायाचं समजत नाही. नुसतं येऊन बसते.

बांधावरून
अगदी खरं बोलले वडील. आणि थंडी पण जाती की आभाळानं. गहू, हरभरा थंडीवर येतेत. आभाळ आलं की रात्र उबदार होती आणि आमचे म्हातारे म्हणायचे "आभाळानं थंडी खाल्ली".

आकाशदर्शक
थंडी खाल्ली हे शास्त्राला धरून आहे. रात्री जमीन दिवसभराची उष्णता वर सोडत असते, निरभ्र रात्री ती सरळ निघून जाते आणि पहाटे गारठा पडतो. ढग असले की ते ही उष्णता शोषून परत खाली सोडतात, गोधडीसारखं काम करतात. म्हणून आभाळाची रात्र गरम.

माझा मुद्दा वेगळा होता. मी हौशी आकाशनिरीक्षक, वीसेक वर्षं ग्रुप घेऊन वांगणीला जातोय. आमच्या कार्यक्रमाचं नाव "आकाशदर्शन". आणि तो रद्द कधी होतो? "आज आभाळ आहे" म्हणून. कोणी कधी आभाळदर्शन म्हणत नाही आणि कोणी "आज आकाश आहे म्हणून रद्द" म्हणत नाही. परवाच ग्रुपवर मी स्वतः टाईप केलं होतं "आभाळामुळे आकाश दिसणार नाही, पुढच्या अमावास्येला भेटू", ७० माणसांना मेसेज गेला आणि एकानंही विचारलं नाही की याचा अर्थ काय. शाळेच्या पेपरात आभाळ = आकाश हे एवढंच बरोबर धरलं तर माझा मेसेज "आकाशामुळे आकाश दिसणार नाही" असा होतो.

सांजपाखरू
हे वाक्य छापून लावायला पाहिजे वर्गात.

नियमित_वाचक
जरा दुसरी बाजू मांडू का. मी शिक्षक आहे, त्या शाळेचा नाही, पण असे पेपर मी पण तपासतो. तिसरीच्या पुस्तकात समानार्थी शब्दांच्या यादीत आभाळ, आकाश, गगन, नभ, अंबर अशी एक ओळ असते. बाईंनी त्या यादीवरून तपासलं असणार, चाळीस वह्या असतात, प्रत्येक उत्तरामागचा विचार पाहायला वेळ नसतो. आणि प्रमाण भाषा शिकवायची तर कुठेतरी रेघ मारावी लागते, नाहीतर प्रत्येक मूल आपल्या घरचा अर्थ आणेल आणि परीक्षा कशी घ्यायची? बोलीतला अर्थ घरात राहू दे, मुलगी तो विसरणार नाहीये.

मैत्रेयी_क
सर, बाईंना दोष कोणी देत नाहीये, वह्यांचा ढीग मलाही माहितीये. पण "बोलीतला अर्थ" हे मला पटत नाही. हा बोलीतला नाहीच, अमरकोशातला आहे, आणि आज लातूर, अकोला, निफाड सगळीकडे जिवंत आहे. उलट आभाळ आणि आकाश अगदी एक हाच अर्थ मला अर्धवट वाटतो. बघा ना, आकाशचे जोडशब्द केवढे आहेत, आकाशगंगा, आकाशवाणी, आकाशकंदील, आकाशपाळणा. यातल्या एकाही ठिकाणी आभाळ बसवून बघा, बसत नाही. आकाश पंचमहाभूतांतलं एक, पृथ्वी आप तेज वायू आकाश, तिथेही आभाळ म्हणत नाहीत. आणि आता क्रियापदं बघा, आभाळ येतं, भरतं, दाटतं, उतरतं, पांगतं, निवळतं. यातलं एक तरी आकाशाला नेहमीच्या बोलण्यात लावतो का? आकाश नुसतं असतं. आभाळ काहीतरी करतं. मला तर वाटतं हाच खरा फरक आहे, ढग की आकाश हा फरक दुसऱ्या नंबरचा.

नियमित_वाचक
क्रियापदांचं उदाहरण पटलं. पण मग "आभाळ कोसळणे", "आभाळाला हात लावणे", "आभाळाएवढं मन" यांचं काय? इथे ढग कसा चालेल? ढगाएवढं मन?

मैत्रेयी_क
तिथे नाही चालणार, बरोबर. म्हणून तर म्हणतेय दोन्ही अर्थ आहेत. पण "आभाळ फाटणे" घ्या. याचा आज आपण अर्थ घेतो मोठं संकट, पण मूळ चित्र काय असेल? आकाश कसं फाटेल? ढग फाटतो आणि पाणी एकदम खाली येतं. आणि मग त्यापुढचं, "फाटल्या आभाळाला ठिगळ कुठे कुठे लावणार". ठिगळ वर लावायचं म्हणजे पाणी गळतंय.

बांधावरून
गुजरातीत पण आभ म्हणतेत. आमच्या गावातले कापसाचे व्यापारी तिकडचे, ते "आभ फाट्यू" म्हणायचे ढगफुटीला. पण त्यांचं आभ म्हणजे आकाश, ढगाला ते वादळ म्हणतेत. आणि आपल्याकडं वादळ म्हणजे सोसाट्याचा वारा! एवढा गोंधळ व्हायचा बोलताना, ते म्हणायचे वादळ आलंय आणि आम्ही पत्रे बांधायला धावायचो.

दादरकर_जुना
ढगफुटीवरून. २६ जुलै २००५ ला मी सांताक्रूझला अडकलो होतो. तिथल्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, नंतर सगळ्यांना तो आकडा पाठ झाला. आम्ही रात्रभर एका अनोळखी कुटुंबाच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात होतो, पंधरा-सोळा माणसं. त्या घरातल्या आजी खिडकीशी बसून एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "आभाळ फाटलंय, शिवणार कोण". दुसऱ्या दिवसापासून जो तो ढगफुटी ढगफुटी करत होता. हवामान खात्याचा त्यासाठी ठराविक निकष असतो, तासाभरात १०० मिलिमीटर, तेही थोड्या भागात. पण माझ्यासाठी त्या रात्रीचं नाव ढगफुटी नाही. त्या आजी जे म्हणाल्या तेच आहे.

फ्योर्डकाठची
अंगावर काटा आला दादरकर.

पोथीवाचक
विषय आहेच तर अस्मान पण घ्या. फारसी आसमान, आपल्याकडे येऊन अस्मान झालं आणि कामं सगळी वेगळीच करायला लागलं. अस्मानी-सुलतानी म्हणजे वरून आलेलं संकट आणि राजाकडून आलेलं संकट, दुष्काळ एकीकडे, सारा-लूट दुसरीकडे. आणि कुस्तीत "अस्मान दाखवलं", म्हणजे पाठ मातीला लावली, आता वरच बघ. तिथे "आभाळ दाखवलं" म्हणून बघा, पार मवाळ होऊन जातं. या अस्मानचं मूळ आपल्या "अश्मन्" शी जातं, अश्म म्हणजे दगड. फार जुन्या काळी आकाश दगडाचं छत आहे अशी कल्पना असणार. म्हणजे कोणी वर बघून दगड म्हटलं, कोणी ढग म्हटलं, आणि आकाश हा शब्द "काश्" म्हणजे चमकणे, प्रकाशणे यावरून, म्हणजे कोणी उजेड म्हटलं.

आणि एक राहिलंच, अभ्रक. तो चकचकीत पापुद्र्यांचा दगड, त्याचं नाव पण अभ्रवरूनच.

शब्दवेडी
पोथीवाचक, हे दगड-ढग-उजेड मी वहीत लिहून घेतलंय.

आता माझ्याकडचं. काल रविवार होता, सासूबाईंना फोन लावला आणि सरळ सांगितलं की तुमचे आभाळाचे शब्द हवेत, लिहून घेतेय. आधी म्हणाल्या त्यात काय लिहायचंय, पण मग तासभर बोलत होत्या. त्यांच्या तोंडून जसं आलं तसं टाकते. आभाळ येतं ते साधं, त्याची भीती नाही. आभाळ भरतं म्हणजे गच्च, काळं. आभाळ उतरलं म्हणजे खाली आलंय, डोंगर दिसत नाही, आता पडणार. आभाळ धरून बसलं हे सगळ्यात वाईट, पडतही नाही आणि जातही नाही, पानं ओली राहतात, डावणी येते, दिवसाआड औषध मारायला लागतं आणि बाग फुलोऱ्यात असेल तर घड कुजतात. आभाळ वळलं म्हणजे आलं होतं पण न पडता दुसरीकडे निघून गेलं. आभाळ पांगलं म्हणजे तुकडे झाले, मध्ये मध्ये निळं दिसायला लागलं. आणि निवळलं म्हणजे पूर्ण साफ. त्या म्हणाल्या, "निवळलं म्हणलं की समजायचं आज रात्री झोप लागणार."

मग मी विचारलं, आई, आकाश कधी म्हणता तुम्ही? बराच वेळ विचार केला त्यांनी. म्हणाल्या, "दिवाळीत आकाशकंदील लावतो तेव्हा. एरवी कशाला लागतंय."

चाचणीचं पण सांगते कारण दोघातिघांनी विचारलंय. बाईंना भेटले, भांडायला नाही, अमरकोशाच्या त्या दोन ओळी आणि आकाशदर्शकांचं वाक्य कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं. मग म्हणाल्या की त्यांचं माहेर जालन्याकडचं आहे आणि घरी त्या स्वतः "आभाळ आलंय" असंच म्हणतात, पण पेपर तपासताना ते डोक्यात आलंच नाही, उत्तरसूचीत आकाश एवढंच होतं. फुली खोडली नाही, पण खाली हिरव्या पेनानं लिहून दिलं, "ढग हाही अर्थ आहे." लेकीनं ती वही आजीला व्हिडीओ कॉलवर दाखवली.

नियमित_वाचक
मनापासून सांगतो, आता हा शब्द तपासताना माझा हात थांबेल.

कुडाळी_मेवा
सासूबाईंचे शब्द एक नंबर. "धरून बसलं" आमच्याकडे पण आहे.

बांधावरून
शब्दवेडीताई, एक शंका. "आभाळ वळलं" आमच्याकडं उलटं हाय. वळलं म्हणजे गोळा झालं, चारी बाजूंनी येऊन एका जागी जमलं, आता पडणार. "वळून आलंय" म्हणतो आम्ही. तुमच्याकडं न पडता निघून गेलं असा अर्थ हाय म्हणता. एकदा नीट विचारता का त्यांना, का दोन्हीकडं खरंच वेगळं हाय?

शब्दवेडी
हो का! मी तर त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं होतं. "वळून आलं" आणि "वळून गेलं" असे दोन असतील का? आज संध्याकाळच्या फोनवर पहिलं हेच विचारते. सकाळीच मेसेज होता त्यांचा, कालपासून आभाळ आहे म्हणून.